तुम्ही अलीकडे कोणते व्हिडिओ गेम खेळलात आणि ते कसे वाटले?

गेल्या सहा महिन्यांत कोणते गेम खेळलात, ते कसे वाटले आणि नोकरी सांभाळून खेळणाऱ्याने त्यांतला कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. उत्तरापूर्वी माझी परिस्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या अभिप्रायाचा निम्मा भाग तिच्यातूनच आलेला आहे. माझे वय ४२ आहे, मुलगी झोपल्यावर रात्री साडेदहाच्या पुढे मला जेमतेम तासभर मिळतो, लॅपटॉप सहा वर्षांपूर्वीचा आहे आणि गेम मी शक्यतो सेलमध्येच घेतो. त्यामुळे मी अलीकडे खेळलेले गेम अलीकडे बाजारात आलेले असतीलच असे नाही. महाविद्यालयात असताना एखादा गेम किती तास पुरेल हे पाहून मी तो निवडत असे. आता लॅपटॉप मिटल्यावर तो डोक्यात किती वेळ चालू राहतो एवढेच पाहतो, कारण दुसऱ्या दिवशी लोकलच्या गर्दीत उभा असताना त्याविषयी जो विचार होतो, तोही मी खेळण्याच्याच वेळात धरतो.

या कसोटीवर सर्वांत आधी मागे पडला तो 'एल्डन रिंग'. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा २०२२ मध्ये आलेला हा गेम उत्तम आहे याविषयी फारसे दुमत नाही, आणि माझेही नाही. मेहुण्याची बदली झाली तेव्हा तो आपला कन्सोल दोन महिने आमच्याकडे ठेवून गेला होता, म्हणून हा गेम खेळता आला. सुरुवातीच्या भुयारातून बाहेर पडून मोकळ्या माळावर पाऊल टाकले की समोर सोनेरी चिलखत घातलेला एक घोडेस्वार गस्त घालताना दिसतो. तो दिसला म्हणजे त्याच्याशी लढलेच पाहिजे, अशी स्वतःची समजूत करून घेऊन मी चार रात्री त्याच्या हातून मरण्यात घालवल्या. त्याला वळसा घालून पुढे जावे, अंगात बळ आले की परत यावे, हेच तो गेम शिकवू पाहत होता, असे पाचव्या दिवशी भाच्याने मला सांगितले. भाचा १४ वर्षांचा आहे. ज्याच्याकडे सलग तीन-चार तास मोकळे आहेत त्याने हा गेम अवश्य घ्यावा. माझ्या एका तासातला अर्धा तास काल आपण कुठे होतो आणि कशासाठी होतो हे आठवण्यातच जात असे, त्यामुळे कन्सोल परत गेला तेव्हा मला फारसे वाईट वाटले नाही.

त्यानंतर लॅपटॉपवर 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' खेळलो. हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा २०२० चा गेम आहे, आणि लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा २०१७ मधला प्रयत्न अपुरा पडल्यानंतरही त्यांनी तो पूर्ण केला, याचे मला मनापासून कौतुक आहे. राजी ही कसरती करणारी मुलगी असून असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते, आणि तिची वाटचाल दुर्गा आणि विष्णू हे दोघे आपसांत बोलत आपल्याला सांगत राहतात. देव वरून खाली पाहत एका लहान मुलीविषयी चर्चा करीत आहेत, आणि कॅमेराही तिला तसाच दुरून, भव्य वास्तूंच्या पायाशी ठिपक्याएवढी दाखवतो आहे, ही योजना मला फार आवडली. मधल्या कथा छाया-बाहुल्यांच्या रूपात येतात, भिंतींवरची चित्रे थांबून पाहावीत अशी आहेत. मारामारी मात्र थोड्याच वेळात एकसुरी होते, आणि कथा ऐन भरात आलेली असताना गेम संपतो. पानावरून अर्धपोटी उठवल्यासारखे वाटते. चार-पाच तासांचा हा गेम मी एका आठवड्यात संपवला. त्यातली एकही लढाई आज आठवत नाही, पण ते महाल आणि त्या बारवा अजून डोळ्यांसमोर आहेत.

'वेन्बा' तर दोन रात्रींत संपला. २०२३ मध्ये आलेला हा गेम टोरोंटोच्या विसाई गेम्सचा असून १९८० च्या दशकात कॅनडात जाऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबाची ती गोष्ट आहे. वेन्बा ही त्यातली आई. तिच्या आईने दिलेली पाककृतींची वही फाटलेली, डागाळलेली आहे, आणि पुसट झालेल्या पायऱ्या आपण अंदाजाने भरून काढायच्या, एवढाच खेळ आहे. पहिलेच कोडे इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या याचे आहे, जे आमच्या घरात मुलीने मला विचारण्याआधीच सोडवले. खेळ म्हणून तो फार सोपा आहे आणि कोडी आणखी हवी होती. तरीही तो विसरता येत नाही, याचे कारण मुलगा कवीन आहे. आईवडील तमिळमध्ये विचारतात, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि हे अंतर एका प्रसंगाने नव्हे तर डब्यात काय न्यायचे यासारख्या बारीकसारीक गोष्टींनी वाढत जाते. माझी मामेबहीण कॅनडातच, मिसिसागाला असते. तिच्या मुलाशी दूरध्वनीवर बोलताना माझे मराठी ऐकून तो विनम्रपणे 'येस मामा' म्हणतो, तेव्हा मला हल्ली हा गेम आठवतो. तिला मी त्याविषयी सांगितले नाही.

आता ज्या गेमने माझी झोप खरोखर खाल्ली त्याकडे येतो. 'बलात्रो' हा २०२४ च्या फेब्रुवारीत आलेला पत्त्यांचा गेम लोकलथंक या टोपणनावाने वावरणाऱ्या एका कॅनडियन माणसाने एकट्याने तयार केला आहे. पोकर येत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण तीन पत्तीची सवय असलेल्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. गणपतीत रात्र जागवण्यासाठी आजोळच्या ओटीवर जे डाव मी पाहिले, त्यांत सिक्वेन्स, म्हणजे ओळीने येणारे पत्ते, हा कलरपेक्षा, म्हणजे एकाच चिन्हाच्या पत्त्यांपेक्षा, मोठा असे. पोकरमध्ये तो लहान आहे. हा कोणाच्या लहरीचा नियम नसून दोन्हीकडे गणित बरोबर आहे. तीन पत्त्यांच्या एकूण २२,१०० जुळण्यांत साधा सिक्वेन्स ७२० वेळा आणि कलर १,०९६ वेळा येतो, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ आहे. पाच पत्त्यांत मात्र सिक्वेन्स १०,२०० वेळा येतो आणि कलर ५,१०८ वेळाच. हे समजेपर्यंत मी दोन संध्याकाळी चुकीचे पत्ते टाकत बसलो होतो.

या गेममध्ये प्रतिस्पर्धी नाही आणि पैजही नाही. ठरलेली गुणसंख्या ठरावीक हातांत, म्हणजे पत्ते टाकण्याच्या ठरावीक संधींत, गाठायची असते. पहिला टप्पा ३०० गुणांचा असतो आणि त्यासाठी आपल्याला चार हात मिळतात. समजा, दोन राजांची जोडी टाकली, तर जोडीचे मूळ १० गुण आणि प्रत्येक राजाचे १० असे ३० होतात, जोडीचा गुणक २ असल्याने एकूण ६० मिळतात. खरी गंमत जोकरांत आहे. असे १५० जोकर आहेत, सामान्यतः त्यांतले पाचच जवळ ठेवता येतात, आणि प्रत्येक जण हा हिशेब आपल्या परीने वाकवतो. एक जोकर गुणकात ४ मिळवतो, दुसरा जोडी असेल तर गुणक दुप्पट करतो. ते डावीकडून उजवीकडे काम करतात, म्हणून मिळवणारा आधी ठेवला तर गुणक ६ होऊन दुपटीने १२ होतो आणि त्याच दोन राजांचे ३६० गुण होतात. दुप्पट करणारा आधी ठेवला तर गुणक ८ वरच थांबतो आणि गुण २४० च भरतात. तेच पत्ते, तेच जोकर, आणि केवळ रांग बदलल्याने एका हातात टप्पा पार होतो किंवा राहून जातो. हे मला प्रथम कळले तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

युरोपातील मानांकन संस्थेने जुगाराच्या चित्रणाचे कारण देऊन या गेमला आधी १८ वर्षांवरील गटात टाकले होते आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो १२ वर्षांवरील गटात आणला. पैसा लागत नसल्यामुळे मला हा बदल योग्य वाटतो. तरीसुद्धा 'एक शेवटचा डाव' या शब्दांची किंमत या गेमने माझ्या घरात इतकी कमी केली आहे की तो आता मी फक्त शुक्रवारी आणि शनिवारी उघडतो. डोक्यात तोही चालू राहतो, परंतु ते एखादे गाणे अडकून बसावे तसे. त्यातून पुढे काही निघत नाही.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' डोक्यात राहतो तो याच्या अगदी उलट रीतीने, आणि आपल्या प्रश्नाचे माझे खरे उत्तर हाच गेम आहे. तो २०१८ चा आहे. सीमेवर पारपत्रे तपासणाऱ्या कारकुनाचा 'पेपर्स, प्लीज' हा २०१३ चा गेम ज्यांनी केला, त्या लुकास पोप यांचाच हाही आहे. 'ओब्रा डिन' हे व्यापारी जहाज १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघते, केप ऑफ गुड होपला ठरल्याप्रमाणे पोहोचत नाही, बुडाले असे मानले जाते, आणि १८०७ च्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी फाटक्या शिडांनिशी इंग्लंडमधील फॉल्मथ बंदरात येऊन लागते. वर जिवंत माणूस नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीतील विमा निरीक्षक आहोत आणि जहाजावरील ६० जणांपैकी प्रत्येक जण कोण होता, त्याचे काय झाले आणि कोणाच्या हातून झाले, हे एका वहीत नोंदवायचे आहे. मी स्वतः एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करतो. दिवसभर जे करतो तेच रात्री पदरचे पैसे मोजून करतो, यावरून घरात माझी पुरेशी थट्टा झालेली आहे.

निरीक्षकाजवळ एक घड्याळ असते. ते मृतदेहाजवळ उघडले की आधी अंधारात त्या माणसाच्या शेवटच्या क्षणांचे आवाज ऐकू येतात, आणि मग मृत्यूचा तो एक क्षण गोठलेल्या स्थितीत समोर उभा राहतो, ज्यात आपण हवे तसे फिरू शकतो. सगळे चित्र जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्यासारखे दोनच छटांच्या ठिपक्यांचे आहे, त्यामुळे माझ्या लॅपटॉपला काहीही त्रास होत नाही. मरणाऱ्याकडे पाहून फारसे कळत नाही. त्याच्या मागे कोण धावत आले, कोण जागचे हलले नाही, कोण कोणाच्या शेजारी बसते, कोणाच्या बोलण्याला कोणती धाटणी आहे, यांवरून नावे जुळवावी लागतात. दाव्याची कागदपत्रे वाचणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते की अर्जात लिहिलेल्या मजकुरापेक्षा सोबत जोडलेल्या छायाचित्रांच्या कोपऱ्यांत अधिक माहिती असते.

तीन नोंदी पूर्ण बरोबर झाल्या तरच गेम त्या पक्क्या करतो, जेणेकरून ठोकताळ्याने कोणी पुढे जाऊ नये. दोन खात्रीच्या नोंदी हाताशी ठेवून तिसऱ्या ठिकाणी एकामागून एक नावे घालून पाहण्याची पळवाट त्यातही उरते, आणि मी ती तीनदा वापरली, हे कबूल करतो. बाकी बहुतेक उलगडे लॅपटॉप बंद असतानाच झाले. चार खलाशांची ओळख पटेना म्हणून मी आठवडाभर अडलो होतो. कुर्ला आणि घाटकोपरच्या मध्ये अचानक लक्षात आले की एका दृश्यात एक अगदी क्षुल्लक वस्तू मी तीन वेळा ओलांडून गेलो होतो. ती कोणती हे मी येथे लिहिणार नाही. त्या दिवशी कार्यालयात माझे लक्ष नव्हते, हे मात्र खरे.

खलाशांच्या यादीत नावापुढे देशही लिहिलेला आहे आणि त्यांत काही भारतीय आहेत. प्रवासाच्या आरंभीच त्यांच्यापैकी दोघे आजाराने दगावतात. ना बंड, ना खून, नुसता खोकला. कंपनीच्या जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने असत, आणि त्यांच्या मुकादमांसाठी इंग्रजी कागदपत्रांत येणारे 'सेरँग' आणि 'टिंडल' हे शब्द म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे सारंग आणि तांडेल आहेत. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातले असल्यामुळे तांडेल हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. या दोघांची नावे वहीत भरताना, कोणाच्याही कटात नसलेल्या या माणसांसाठी मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि त्यांची नोंद पक्की झाल्याचा सूर वाजला तेव्हा तो शेजारच्या खोलीत ऐकू गेला असेल या भीतीने चटकन आवाज कमी केला.

तेव्हा आपल्याकडेही रोजचा तासभरच असेल आणि संगणक जुना असेल, तर 'ओब्रा डिन' घ्यावा, सोबत एक कोरी वही ठेवावी, आणि अडल्यावर इंटरनेटवर शोधू नये, कारण हा गेम पहिल्यांदा एकदाच खेळता येतो. ठिपक्यांच्या चित्रात फिरताना काहींना गरगरते, माझ्या पत्नीला दहा मिनिटांत गरगरले, म्हणून घेण्यापूर्वी त्याचा एखादा लहान व्हिडिओ पाहून घ्यावा. माझ्या वहीत सध्या ६० पैकी ५४ नोंदी पक्क्या झालेल्या आहेत. उरलेले सहा जण कोण, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कृपया ते मला सांगू नये.