सुरगाण्याच्या शाळेत उपग्रहावरून वर्ग: डिश, पाऊस आणि मुलांचे प्रश्न

सर, तुम्ही विचारलंत की शाळेत इंटरनेट नाही, तर उपग्रहावरून वर्ग भरवता येतील का आणि पावसाळ्यात चित्र टिकेल का. वर्ग नक्की भरतील.

केंद्र सरकारच्या स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्यांचे धडे गांधीनगरच्या भूकेंद्रावरून वर जातात आणि जीसॅट-15 ते वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर देशभर खाली सोडतो. हा उपग्रह विषुववृत्तावर, 35,786 किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतो. म्हणून डिश एकदा लावली की हलवावी लागत नाही. त्याच उपग्रहावरच्या डीडी फ्री डिशवर पीएम ई-विद्या या सरकारी उपक्रमाच्या शालेय, इयत्तावार वाहिन्या आहेत. महिन्याचं भाडं नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 57 अंशांवर आहे. घरगुती डिश उभी वाटली तरी बरीच वर बघत असते, फसू नका. त्या दिशेला आंबा-साग आड येत नाही ना, एवढं आधी बघा.

तुमच्याकडच्या मुसळधार सरीत चित्राचे चौकोन होऊन ते थिजणारच. हे प्रक्षेपण ज्या फ्रीक्वेन्सी-पट्ट्यात येतं, त्या केयू बँडच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. सर ओसरली की चित्र परत येतं. नाही आलं, तर आधी एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या डबीचा, कनेक्टर उघडा. मी उघडले त्यातल्या कितीतरी कनेक्टरांत तांब्यावर हिरवा थर चढलेला होता. टेप घट्ट गुंडाळा आणि केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी आत न शिरता तिथून टपकेल.

खरी अडचण मुलांच्या प्रश्नांची आहे. तुमची डिश फक्त घेते, वर काही पाठवत नाही. 2004 मध्ये एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला तेव्हा दुतर्फा वर्गही सुरू झाले. अशा एका केंद्रावर मी बसायचो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परतायला आणखी पाव. तेवढ्या शांततेत मुलीला वाटायचं, सरांना ऐकूच गेलं नाही. ती पुन्हा विचारायची आणि दोघांचे आवाज एकमेकांवर आदळायचे. शेवटी प्रश्न संपला की 'झालं' म्हणायची सवय लावली.

तुमच्याकडे उत्तर द्यायला तुम्हीच आहात, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. धडा आदल्या दिवशी स्वतः बघून ठेवा, वर्गात मुलांचे प्रश्न वहीत उतरवून घ्या आणि टीव्ही बंद झाल्यावर निदान वीस मिनिटं फळ्यासाठी राखून ठेवा.