सगळ्या नोंदींवर एकच नाव कसं?

प्रश्न : आमची पतसंस्था फोंड्याची. तीन शाखांतली कर्जमंजुरी विंडोज कम्युनिकेशन फाउंडेशनमध्ये (वेब सर्व्हिस लिहायची मायक्रोसॉफ्टची चौकट) लिहिलेल्या वेब सर्व्हिसमधून मुख्य डेटाबेसला येते. यूजरनेम-पासवर्ड तपासल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. तरी 'मंजूर कोणी केलं' या रकान्यात प्रत्येक ओळीला 'आयआयएस ॲपपूल\डीफॉल्टॲपपूल' असंच येतं. ऑडिटर विचारतात, हा डीफॉल्ट कोण? नाव मी विंडोजआयडेंटिटी.गेटकरंट() वरून घेते. त्यापेक्षा स्क्रीनवरूनच नाव पॅरामीटर म्हणून पाठवलं तर चालेल का, सर?
– एक प्रोग्रामर, फोंडा

उत्तर : ऑडिटरना सांगा, डीफॉल्ट म्हणजे तुमचा सर्व्हर. गेटकरंट() सांगतं ते खोटं नाही. हा कोड कोणाच्या खात्यावर चालतोय एवढंच ते सांगतं, आणि तो चालतो आयआयएसच्या, म्हणजे विंडोजच्या वेब सर्व्हरच्या, ॲप्लिकेशन पूलच्या खात्यावर. सर्व्हिस कोणी बोलावली, हे तुम्ही त्याला विचारलेलंच नाही.

ते विचारायची जागा वेगळी : सर्व्हिससिक्युरिटीकॉन्टेक्स्ट.करंट.प्रायमरीआयडेंटिटी.नेम. पासवर्ड तपासून झाला की ज्याचा तो तपासला त्याचंच नाव इथे असतं. उद्या विंडोज लॉगिनवर गेलात तर इथेच 'डोमेन\नाव' दिसेल.

आता पॅरामीटरचं. नको. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत येतो, शेजारचं पोर चार पाव घेतं आणि 'काकांच्या नावार बरय' (काकांच्या नावावर लिही) म्हणून पळतं. पोदेर लिहितो. महिनाअखेरीस काका वहीकडे बघत बसतात. पावात हे खपून जातं, कर्जात नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. म्हापशाच्या एका कार्यालयासाठी मीही असाच 'नोंदकर्ता' पॅरामीटर ठेवला होता. गणेश चवथीला एक कारकून आठवडाभर गावी गेला आणि त्याच आठवड्यात त्याच्या नावावर मंजुऱ्या पडल्या. लबाडी कुणाचीच नव्हती. शेजारच्या नव्या पीसीवर प्रोग्राम टाकताना कुणीतरी त्याच्या मशीनवरचा फोल्डर जसाच्या तसा उचलला, आणि नाव होतं त्यातल्या कॉन्फिग फाईलमध्ये. पासवर्ड दुसऱ्याचा, नाव याचं, आणि सर्व्हिसने दोन्ही मुकाट घेतलं. गावाहून आल्यावर त्या बिचाऱ्याला दोन दिवस खुलासे द्यावे लागले, चूक माझी असताना.

दोन ठिकाणी तुम्ही अडखळाल. पहिलं, बाइंडिंग, म्हणजे शाखा आणि सर्व्हिस एकमेकांशी कसे बोलणार याची ठरवण. बेसिकएचटीटीपीबाइंडिंगमध्ये सुरक्षा मुळात बंदच असते. पासवर्ड तुम्ही हेडरमध्ये घालून स्वतःच्या कोडने तपासत असाल, तर फाउंडेशनला त्याचा पत्ताच नाही आणि वरची ओळ कोसळेल. सिक्युरिटी मोड 'ट्रान्सपोर्टविथमेसेजक्रेडेन्शियल' करा, क्रेडेन्शियल यूजरनेम ठेवा, आणि तपासणीचा कोड यूजरनेमपासवर्डव्हॅलिडेटरमधून काढलेल्या क्लासमध्ये हलवा. एचटीटीपीएस लागेलच. तरीही मेथडच्या सुरुवातीला सर्व्हिससिक्युरिटीकॉन्टेक्स्टचं करंट नल (रिकामं) आहे का, आणि आयएसअनॉनिमस खरं येतं का, हे दोन्ही बघा. तसं असेल तर मंजुरी सरळ नाकारा. 'अज्ञात' लिहून पुढे जाऊ नका.

दुसरं, थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारं वेगळं काम. मंजुरीनंतर सभासदाला एसएमएस पाठवायला वेगळा थ्रेड सोडत असाल, तर त्यात करंट नल मिळेल, कारण चालू कॉलची माहिती त्या कॉलच्या थ्रेडलाच बांधलेली असते. नाव आधी साध्या स्ट्रिंगमध्ये घ्या, मग थ्रेड सुरू करा.

राहिल्या जुन्या नोंदी. त्या अंदाजाने भरू नका, ऑडिटर कितीही मागे लागले तरी. आयआयएसच्या लॉगमध्ये आयपी आणि वेळ मिळेल, त्यावरून फार तर शाखा कळेल, माणूस नाही. ताडून बघताना लॉगमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा.