क्रोन्समध्ये (आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारात) पोटात 5 सेंमीचं गळू झालंय. डॉक्टर ऑपरेशनऐवजी नळी का टाकतायत?

तुमच्या भावाच्या सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागाशेजारी 5 सेंमीचं गळू दिसलंय. ऑपरेशन टाळून नळी टाकण्याचा आणि स्टिरॉइड कमी करण्याचा निर्णय बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही बरोबर आहे.

क्रोन्सची जखम आतड्याची भिंत आरपार पोखरते. तिथून जंतू झिरपतात आणि पू साचतो. भोवतालची आतडी सुजून एकमेकांना चिकटलेली असतात. त्या अवस्थेत घाईने ऑपरेशन केलं तर जास्त आतडं काढावं लागू शकतं, कापून शिवलेल्या आतड्याची जोड सुटण्याचा धोका वाढतो आणि मळासाठी पोटावर पिशवी लागण्याची शक्यताही. म्हणून आधी पू काढायचा.

साधारण 3 सेंमीपेक्षा लहान गळू बरेचदा नुसत्या अँटिबायोटिकवर जिरतं. त्याहून मोठं असेल आणि सुई सुरक्षितपणे पोचत असेल, तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधाराने बारीक नळी घालतात. काढलेला पू कल्चरला, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीला, गेलाच पाहिजे. आतड्याचा टीबी क्रोन्ससारखाच दिसू शकतो, त्यामुळे भारतात टीबीची तपासणीही करून घ्यावी.

खरी मेहनत नळी टाकल्यानंतरची. ती बुजू नये म्हणून सहसा 5 ते 10 मिली निर्जंतुक सलाइनने धुतात. किती वेळा ते वॉर्डमध्ये विचारून, हात बसेपर्यंत शिकून घ्या. अडथळा लागला तर जोर लावू नका. रोजचा निचरा वहीत लिहा, आत घातलेलं सलाइन वजा करून. निचरा एकदम थांबला पण ताप किंवा दुखणं तसंच असेल, तर बरं वाटून घेऊ नका. नळी बुजली किंवा सरकली असेल. निचरा दिवसाला 10-20 मिलीच्या खाली आला, ताप गेला आणि स्कॅनमध्ये पोकळी मिटलेली दिसली, की नळी काढतात. दिवसेंदिवस निचरा कमीच होत नसेल किंवा त्याला मळाचा वास-रंग असेल, तर आतड्याशी जोड, म्हणजे फिस्टुला, उघडा आहे असं समजायचं.

स्टिरॉइड संसर्ग वाढवतं आणि वर ताप, दुखणं झाकून टाकतं. पण बरेच दिवस चालू असलेली गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, रक्तदाब धोकादायकरीत्या पडू शकतो. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी क्रोन्सची औषधं पू आटोक्यात आल्यावरच, टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासून.

या काळात पोषणाकडे फार दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं. वजन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) घसरलेल्या माणसाची जखम भरत नाही. आहारतज्ज्ञांकडून द्रव फॉर्म्युला आहाराबद्दल विचारा. सिगारेट असेल तर आजच सुटली पाहिजे. पुढे आतडं अरुंद झालेलं निघालं किंवा फिस्टुला राहिला, तर काही आठवड्यांनी ठरवून ऑपरेशन होईल, आणि तोवर कमावलेली ताकद तिथे कामी येईल.

अँटिबायोटिक आणि नळी असूनही 3 ते 5 दिवसांत ताप उतरला नाही तर पुन्हा स्कॅन मागा. थंडी वाजून ताप, लाकडासारखं कडक पोट, लघवी कमी किंवा भान हरपणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी कॅज्युअल्टीत न्या.