इंजिन खोलण्याआधी

प्रश्न : पेट्रोल गाडी तापते, कूलंट कमी होतं. मेकॅनिक हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं म्हणतो. दुसऱ्याला दाखवू का?

उत्तर : जरूर दाखवा, पण हेड उतरवण्याआधी, कारण खाली दिलेल्या चाचण्या नंतर करताच येत नाहीत. दुसऱ्याला फक्त लक्षणं सांगा, पहिल्याचं निदान नको. आधी ब्लॉक टेस्ट मागा. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेलं निळं रसायन पिवळं पडलं, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. (कॅप इंजिन थंड असतानाच काढायची.) मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर गॅस्केटवरचा संशय बळावतो. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. दोन्ही चाचण्या ठीक आल्या, तर कॅप, होज (रबरी नळ्या) आणि वॉटर पंपाची गळती तपासायला लावा.