कोकणात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी पावसाळ्यात कोणते कव्हर घ्यावे?

रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात हवा जवळजवळ सतत दमट असते, तिथे गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री किंवा तसेच पूर्ण जलरोधक कव्हर घालू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. जमिनीतून निघणारी वाफ त्याखाली कोंडते, रात्री पत्रा गार झाला की तिचेच पाणी होऊन रंगावर साचते आणि दरवाजांच्या खालच्या कडा व बिजागऱ्या गंजू लागतात. त्याऐवजी न विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनचे (म्हणजे प्लॅस्टिकचे बारीक तंतू एकमेकांना चिकटवून केलेल्या कापडाचे), अनेक थरांचे, हवा खेळती ठेवणारे कव्हर घ्यावे. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते. मुसळधार पावसात थोडे पाणी आत झिरपेल, पण ते वाळतेही. चिखलाने माखलेल्या गाडीवर कव्हर चढवू नये, कारण वाऱ्याने कापड हलले की मातीचे कण रंगावर ओरखडे पाडतात. खालचे पट्टे घट्ट बांधायचे तेही याचसाठी. उघडीप मिळेल त्या दिवशी कव्हर काढून, दरवाजे उघडून पायाखालची मॅटिंग उन्हात वाळवावी. गाडी बरेच दिवस हलणार नसेल, तर हँडब्रेक न लावता ती गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत, नाहीतर ओलाव्याने ब्रेक चिकटून बसतात.