क्लास ए अँप अन् आपला उन्हाळा

भाऊ, अँप (गाण्याचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर) झकास घेतला. पण तो क्लास ए आहे. गाणं बंद असलं तरी आउटपुट ट्रान्झिस्टरमधून (स्पीकरला ताकद देणाऱ्या भागातून) करंट वाहतच राहतो. क्लास बी मध्ये आवाजाची लहर दोन ट्रान्झिस्टरांत अर्धी-अर्धी वाटली जाते अन् सांध्यावर आवाज किंचित फाटतो. ते टाळायलाच सतत करंट वाहता ठेवायचा हा सगळा खटाटोप, म्हणून हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तापतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर, तेव्हा शोकेसमध्ये कोंबू नको. वर क्रोशाचा रुमाल तर नकोच, आई कितीही म्हणो!

अर्थिंग तपासून घे. काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा. लाइन गेली की स्विच बंद कर, परत आल्यावर व्होल्टेज स्थिरावू दे. विजा कडाडायला लागण्याआधीच प्लग काढ. झाकण मात्र उघडू नको, प्लग काढल्यावरही आत वीज साठवणारे कपॅसिटर झटका देतात.