मोजणारा वेगळा ठेव

इंजिनियरबाई,
सप्रेम आशीर्वाद.

निविदेचा मसुदा वाचला, सोबतची तुझी टिपणीही वाचली. डेप्युटी साहेबांचं म्हणणं, कचराभूमी शास्त्रीय पद्धतीने बंद करून पुढे पंधरा वर्षं सांभाळण्याचं जे कंत्राट निघतंय, त्यातच कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेन वायूची मोजणी घालून टाकावी. एक निविदा, एक ठेकेदार, एक बिल. लेखा विभागालाही तेच सोयीचं. आणि तू विचारतेस, मग वेगळ्या निविदेचा हट्ट मी कशासाठी धरू?

मोजणारा वेगळा ठेव, एवढंच माझं उत्तर आहे. बाकीचं पत्र त्याची कारणं सांगण्यासाठी.

त्याआधी मसुद्यातली एक चूक, कारण ती राहिली तर मोजणारा कितीही वेगळा असला तरी उपयोग शून्य. 'हद्दीवर मिथेनचं प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं' असं लिहिलं आहेस. अगं, २५ टक्के कशाचे? २०१६ च्या घनकचरा नियमांनी धरले ते स्फोटाच्या खालच्या मर्यादेचे २५ टक्के. हवेत मिथेन ५ टक्के झाला की ठिणगी पुरते, १५ च्या वर गेला की पेटायला हवा कमी पडते. त्या ५ चे २५ टक्के म्हणजे सव्वा टक्का. तुझ्या कलमाप्रमाणे कुंपणापलीकडच्या घराच्या तळघरात १० टक्के मिथेन साचला तरी ठेकेदार नियमातच बसतो. आकड्यापुढे एकक लिहायचा कंटाळा करू नकोस. निविदेत लिहिलं तेवढंच कोर्टात उरतं.

आता मूळ मुद्दा. कचराभूमीवर आवरण घालणारा, वायूच्या नळ्या टाकणारा, तो वायू जाळायची भट्टी चालवणारा ठेकेदार एक. त्याचं काम नीट झालं की नाही हे कशावरून कळणार? हद्दीवर वायू मोजण्यासाठी खोदलेल्या अरुंद विहिरींतल्या वायूवरून. तो आकडा वाढला तर त्याला स्वतःच्या खर्चाने आवरण उकरून दुरुस्त करावं लागेल, दंड बसेल, बिल अडकेल. आणि तोच आकडा आपण त्यालाच लिहून आणायला सांगतो. मी त्याला चोर म्हणत नाही, पण जामदारखान्याच्या किल्ल्या कुणाच्या हाती द्यायच्या हे आपल्याकडे शहाण्यांनी कधीच सांगून ठेवलंय.

तू मधला मार्ग काढलास तोही पाहिला: 'ठेकेदाराने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेमार्फत तपासणी करून अहवाल सादर करावा.' दिसायला छान. पण प्रयोगशाळेला कामाची ऑर्डर कोण देतं? पैसे कोण देतं? पुढच्या वर्षी तिला बोलवायचं की दुसरीला, हे कोण ठरवतं? तिन्हींचं उत्तर ठेकेदार असेल तर प्रयोगशाळेच्या लेटरहेडवर सही कुणाचीही असो, मोजतोय ठेकेदारच. प्रयोगशाळेचा करार पालिकेशी आणि धनादेशही पालिकेचा, त्याशिवाय मी त्याला वेगळा मोजणारा म्हणणार नाही.

मुंबईतल्या गोराई कचराभूमीचं उदाहरण तुला माहीत असेल. १९७२ पासून २००७ पर्यंत तिथे कचरा पडला, मग जागा बंद करून वायू गोळा करायची सोय झाली आणि क्योटो हवामान कराराखालच्या कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे हवेत जाऊ न दिलेल्या वायूबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी, प्रकल्पाची नोंदणी झाली. त्या व्यवस्थेत क्रेडिट मिळायची ती मोजलेल्या वायूवर. म्हणून मोजणी पडताळायला बाहेरची, मान्यता मिळालेली तिसरी संस्था सक्तीची होती. प्रकल्प चालवणाऱ्याच्या शब्दावर कुणी क्रेडिट देत नव्हतं. म्हणजे मिथेनचे पैसे होणार असतील तेव्हा मोजणारा वेगळा लागतो, आणि मिथेन आपल्याच माणसांच्या भिंतीखाली शिरणार असेल तेव्हा ठेकेदाराचा शब्द पुरतो! हा हिशेब डेप्युटी साहेबांसमोर मांड. माझं नाव सांगितलंस तरी हरकत नाही. नाही सांगितलंस तर कदाचित लवकर पटेल.

मुंबईतल्याच देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. ते दिसायला मीटर लागलं नाही. बंद केलेल्या, वरून हिरवळ लावलेल्या कचराभूमीचा वायू तसा दिसत नाही. तो आडवा सरकतो, केबलच्या डक्टमधून, गटारातून, मुरमाच्या थरातून. मालाडला जुन्या कचराभूमीवर कार्यालयं उभी राहिली आणि खालून येणाऱ्या वायूंनी संगणकांचे भाग गंजून बंद पडायला लागले, तेव्हा जमिनीखाली काय आहे ते लोकांना आठवलं.

मोजणी कशी बिघडते तेही पाहून ठेव. ठेकेदाराकडे कामाला असलेला एक मुलगा मी पाहिला आहे. मॅनहोलमध्ये उतरण्याआधी वापरतात तसलं खिशातलं मीटर घेऊन आला. विहिरीचं झाकण काढलं, मीटर आत सोडलं. काटा झर्रकन वर गेला आणि तितक्याच झटक्यात शून्यावर आला. ऑक्सिजनचा अलार्म कोकलत होता, तो त्याने बटण दाबून गप्प केला आणि वहीत लिहिलं: मिथेन शून्य. त्याची लबाडी नव्हती, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या मीटरचा सेन्सर वायू जाळून मोजतो, जाळायला ऑक्सिजन लागतो आणि विहिरीत ऑक्सिजन उरलेला नसतो. म्हणजे वायू जितका जास्त, तितकं मीटर खोटं. म्हणून निविदेत 'योग्य उपकरण' लिहू नकोस, 'इन्फ्रारेड पद्धतीचं, मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन एकत्र दाखवणारं' असं लिही. विहिरीला झडप हवी. झडपेला मीटर जोडून आधी आतला दाब, मग वायू, हा क्रम लिही. कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर अचूक जुळवून घेतल्याचं, प्रमाणपत्र माग, आणि मोजणीच्या प्रत्येक फेरीच्या सकाळी प्रमाणित वायूवर मीटर तपासल्याची नोंदही माग. वहीत प्रत्येक विहिरीला ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला तर समजून जा, भाऊंनी बाहेरची हवा मोजली आहे.

वेळेचं कलम तर तुझ्या मसुद्यात नाहीच. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला. दाब उतरला की जमिनीतला वायू बाहेर पडतो. मोजणारे येतात केव्हा? न्याहारी करून, दहाला! इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या लॉस्को गावात मार्च १९८६ मध्ये कचराभूमीशेजारचं एक घर स्फोटात उद्ध्वस्त झालं, तीन माणसं जखमी झाली. त्या रात्री साधारण ७ तासांत हवेचा दाब २९ मिलिबारने पडला होता. म्हणून निम्म्या फेऱ्या दुपारी तीननंतर, आणि पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला की एक जादा फेरी, असं लिही. भिजलेल्या आवरणातून वायूला वर वाट मिळत नाही, तो हद्दीकडे सरकतो. 'पावसाळा वगळून' हे शब्द कुठल्या तरी जुन्या निविदेतून तुझ्या मसुद्यात आलेत, ते आजच खोड.

बिलाचं कलम मात्र तू चांगलं लिहिलंस. मीटरच्या एकेका नोंदीवर पैसे न देता पूर्ण फेरीवर दिलेस, हे मी तुझ्या वयात करू शकलो नव्हतो. त्यात एवढंच घाल की आकडा मर्यादेत असो वा बाहेर, फेरीचे पैसे तेवढेच. वाईट बातमी आणली म्हणून मोजणाऱ्याचं बिल रखडता कामा नये. आणि मीटरमधली मूळ फाईल त्याच दिवशी पालिकेकडे आली पाहिजे, नंतर टाईप केलेला तक्ता नव्हे.

आता माझ्याबद्दल तू जे ऐकलं असशील ते. माझ्या हट्टापायी एक आख्खा पावसाळा मोजणीविना गेला, असं खात्यात अजून बोलतात. वेगळी निविदा काढली, एकच निविदाकार आला. फेरनिविदेलाही तोच. फाईल मुख्य लेखापरीक्षकांकडे अडकली, तिथून 'कामांचे विभाजन करण्याचे कारण स्पष्ट करावे' असा शेरा घेऊन परत आली. तोवर माझी बदली झाली, आणि माझ्या मागे मोजणी मूळ ठेकेदाराकडेच गेली. हे सगळं खरं. पण पावसाळाभर वही कोरी राहिली याचं मला वाईट वाटत नाही. कोरी वही बघून निदान कुणी तरी विचारतं, मोजलं का नाही? शून्यांनी भरलेली वही बघून सगळे सही करून मोकळे होतात. वाईट वाटतं ते याचं, की त्या शेऱ्याला उत्तर म्हणून मी नियमांची पानं जोडत बसलो. दोन ओळी पुरल्या असत्या: 'हे कामांचे विभाजन नाही. एक काम आहे, दुसरी त्या कामाची तपासणी आहे.' त्या ओळी तू तुझ्या टिपणीत आधीच टाक, शेरा यायची वाट बघू नकोस.

खर्च वाढेल का? वाढेल. दुसरी अनामत, दुसरा करार, दुसरी एमबी (मोजमाप वही), आणि दोन ठेकेदारांची भांडणं तुझ्या टेबलावर. 'याने झडप मोडली, त्याने रस्ता अडवला' हे रोजचं होईल. होऊ दे. ते दोघे भांडतायत तोवर तुला खरं कळतंय. त्यांची गट्टी जमली की मला फोन कर.

निविदाकार येत नाहीत ही अडचण खरी आहे. उलाढालीची अट तू बांधकामाच्या निविदेतून उचलली आहेस, ती मोजणीच्या कामाला दहापट जड आहे. ती उतरव. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि विद्यापीठांच्या पर्यावरण विभागांना भाग घेता येईल अशी पात्रता ठेव. शेजारच्या पालिकेचीही बंद कचराभूमी असेल तर दोघींची मोजणी एकत्र काढता येते का ते विचार. आणि हितसंबंधाचं कलम नीट बांध: त्या जागेवर कुठलंही काम करणारी कंपनी, तिची भगिनी संस्था, तिचा उपठेकेदार, कुणीही चालणार नाही.

निविदापूर्व बैठकीत ठेकेदारांपैकी कुणी तरी नक्की उठून म्हणेल, 'मॅडम, आम्हीच मोजून दिलं तर पालिकेचे पैसे वाचतील.' त्याला बसवून घे, प्रश्न लेखी माग आणि लेखी उत्तर सगळ्यांना पाठव. मसुदा दुरुस्त करून या आठवड्यात पाठव. एककांचा तक्ता वेगळ्या पानावर कर, माझे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत.

तुझे,
निवृत्त सर